फुंकायचं नाही

प्रयोगशाळेत नवा सेन्सर आला तेव्हा मी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपायचं ठरवलं होतं. दिसायला काडेपेटीएवढा डबा. एका बाजूला बारीक नळी बसवायचं तोंड, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपला जोडायची वायर. हवेचा अगदी कमी दाब मोजायचं ते यंत्र. आतला पडदा इतका नाजूक, की बंद बाटलीला नळी जोडून बाटलीवर नुसता तळवा ठेवला, तर हाताच्या उबेने आतली हवा जरा फुगायची आणि स्क्रीनवरची रेघ वर चढायची. दोन वर्षं अर्ज करकरून मिळाला होता तो. अख्ख्या शाळेत एकच.

शुक्रवारी आठवीच्या वर्गाला मी पहिला प्रयोग दाखवला. कुंपणाजवळच्या रोपाची पानांनी भरलेली एक फांदी तिरपी कापून आणली. पारदर्शक नळीत पाणी भरलं, नळीच्या एका टोकात फांदी घट्ट बसवली, दुसरं टोक सेन्सरला. पाणी आणि सेन्सर यांच्यामध्ये बोटभर हवा ठेवली.

"आधी नियम ऐका," मी म्हटलं. "यात फुंकायचं नाही. पानातून उडणाऱ्या पाण्याने जेवढा दाब बदलतो तेवढा मोजायला हे बनवलंय, तुमच्या फुप्फुसांसाठी नाही. एक जोराची फुंकर आणि आतला पडदा गेला. गंमत नाही, पैज नाही, शिट्टी नाही."

'शिट्टी' म्हणताच सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. तिथे बसणाऱ्या मुलीला सगळी शाळा शिट्टीच म्हणायची. पेनाचं टोपण, रिकामी बाटली, दाराची कडी अडकवायचं भोक, जिथे पोकळी दिसेल तिथे ही ओठ लावून आवाज काढणार. तीसुद्धा सगळ्यांबरोबर हसली.

मग आम्ही रेघेकडे बघत बसलो. पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मुलं चुळबुळ करायला लागली. आणि मग रेघ उतरायला लागली, अगदी हळू, उतारावरून गोगलगाय जावी तशी.

"पान पाणी ओढतंय," मी म्हटलं. "पाणी पुढे सरकलं की मागच्या हवेला जागा जास्त मिळते. जागा वाढली की दाब कमी."

फांदीसमोर पंखा लावला तर रेघ भराभर उतरली. पंखा बंद केला तर पुन्हा संथ. चाळीस पोरं गप्प होऊन एका फांदीकडे बघत होती. चार वर्षांच्या नोकरीत असं मी पहिल्यांदाच बघत होते.

शिट्टीने हात वर केला. "बाई, इतकं ओढून पानाला दम नाही का लागत?"

वर्ग खळखळून हसला. मला उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चौकटीला हात टेकून उभ्या होत्या. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आल्या की त्या जरा वेळ दारातच थांबायच्या, आणि आम्हाला वाटायचं, शिस्त बघतायत.

तास संपल्यावर त्या आत आल्या. "माणसाचा श्वास मोजता येईल का हो यावर?"

"येईल की," मी उत्साहाने म्हटलं. "अगदी हळू फुंकलं तर. पण जोर लागला की संपलं."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मुलं सामान आवरत होती. नळी शिट्टीच्या हातात होती. तिने ती गुंडाळून डब्यात ठेवली. एवढं मला पक्कं आठवत होतं, आणि पुढे तेवढ्याच आठवणीवर मी सगळा निवाडा केला.

सोमवारी नववीला प्रयोग दाखवायला बसले तर रेघ हलेचना. मी तळवा ठेवला, नळी बदलली, लॅपटॉप बंद करून चालू केला. रेघ तळाशी जाऊन पडली ती पडलीच. पडदा फाटला होता.

मधल्या सुट्टीनंतर मी आठवीच्या वर्गात गेले. सरळ शेवटच्या बाकापाशी.

"तू फुंकलंस ना?"

शिट्टी उभी राहिली. "कशात, बाई?"

"कशात ते तुला चांगलं माहितेय. शुक्रवारी नळी शेवटी कोणाच्या हातात होती?"

"माझ्या. पण मी नाही फुंकलं."

"मग काय वाऱ्याने फुंकलं?"

वर्ग हसला. या वेळी ती हसली नाही. "मी नाही फुंकलं," ती पुन्हा म्हणाली, आणि मग एकदम तिचा चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. मी बरंच काही बोलले. जबाबदारी, खोटेपणा, एकीमुळे सगळ्यांचं नुकसान. कबूल करेपर्यंत तिने प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही, असंही सांगून टाकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

तिथून मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि घडलेलं सांगितलं. त्या टेबलावरचा पेपरवेट या कागदावरून उचलून त्या कागदावर ठेवत होत्या.

"नक्की तीच?" त्यांनी विचारलं.

"तिच्याशिवाय कोण, बाई? उभी शाळा तिला ओळखते."

"पण बघितलं कोणी?" एवढं म्हणून त्यांना खोकला आला. पाण्याचा ग्लास मी पुढे केला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "बघू. घाई करू नका." आणि समोरच्या फायलीत डोकं घातलं.

बुधवारी शिट्टीची आई आली. कपडे शिवायचं छोटं दुकान होतं तिचं. हातातलं काम टाकून आली असावी, कारण मापाची टेप गळ्यातच होती आणि ब्लाउजच्या खांद्याला टाचण्या टोचलेल्या होत्या. प्रयोगशाळेच्या दारातच थांबली.

"आत येऊ का? का मलाही बंदी आहे?"

मी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"माझी पोरगी वात्रट आहे," ती म्हणाली. "मला माहितेय ते. घरात कुकरच्या आधी तिची शिट्टी होते. शेजारचे वैतागलेत, मी वैतागलेय. पण बाई, ती खोटारडी नाही. पाच वर्षांची असताना माझी कात्री घेऊन गिऱ्हाइकाची बाही कापली हिने. मी विचारलं, कोणी कापली? म्हणाली, मी. मार बसणार हे माहीत असून. आज तेरा वर्षांची झाली. दोन दिवस जेवण नीट नाही. ती म्हणते, मी नाही, तर नाही."

"तसं सगळ्याच आयांना वाटतं," मी म्हटलं.

हे वाक्य आजही मला आठवलं की अंगावर काटा येतो.  टेपची दोन्ही टोकं सारखी करत ती म्हणाली, "मापं घेताना मी दोनदा घेते. कापड एकदा कापलं की पुन्हा जोडता येत नाही म्हणून. तुमच्या धंद्यात कसं असतं मला माहीत नाही." आणि निघून गेली.

मला राग आला. खरं सांगायचं तर तो राग तिच्यावर नव्हता, पण तेव्हा ते कळत नव्हतं.

गुरुवारी मी सेन्सर बनवणाऱ्यांना फोन लावला. दुरुस्त होतो का, विचारायला. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, प्रत्येक वेळी मोजलेलं सगळं लॅपटॉपमध्ये आपोआप साठतं, तारीख-वेळेसकट. शेवटच्या एक-दोन नोंदी पाठवा. पडदा दाबाने फाटला की मुळातच खराब होता, ते कळेल."

हे मला माहीत असायला हवं होतं. मीच तर मुलांना सांगते, आधी नोंद बघा, मग बोला. फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. शुक्रवारची नोंद होती: पान, पंखा, सगळं व्यवस्थित. शेवटी रेघ आपल्या जागी परत आलेली. म्हणजे शुक्रवारी प्रयोग संपला तेव्हा सेन्सर धडधाकट होता.

त्याखाली आणखी एक नोंद होती. शनिवार, दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं.

शनिवारी शाळा बारा वाजता सुटते. मुलांचा पत्ताही नसतो तेव्हा.

मी नोंद उघडली. रेघ सरळ होती, मग एक उंचवटा. कोणीतरी फुंकलं होतं, पण हळू, जपून, अगदी मी सांगितलं होतं तसं. उंचवटा दोन सेकंदांत ढासळला होता. मग बराच वेळ सरळ रेघ. दुसरा उंचवटा पहिल्याहून बुटका. पुन्हा थांबणं. तिसरा तर नावालाच, आणि त्यातूनच एक उभी रेघ थेट स्क्रीनच्या छतापर्यंत गेलेली. तिथून कोसळून तळाला. पुढे काही नाही.

ती फुंकर नव्हती. फुंकर अशी उभी जात नाही. फुंकता फुंकता कोणालातरी खोकला आला होता.

मी प्रयोगशाळेच्या काकांना हाक मारली. काचसामान धुणं, कुलूप-किल्ली सगळं त्यांच्याकडे असायचं.

"काका, शनिवारी दुपारी इथे कोण होतं?"

काका बेसिनमधलं चंचुपात्र घासत राहिले. "मी बाराला कुलूप लावलं. किल्ली ऑफिसात नेऊन दिली."

"मग?"

"मग मोठ्या बाईंनी किल्ली घेतली. कपाटं बघायची आहेत म्हणाल्या."

"अहो, मग सोमवारपासून बोलला का नाहीत?"

त्यांनी चंचुपात्र पालथं घातलं. "मला कोणी विचारलं? तुम्ही तर वर्गात जाऊन निकालच लावलात. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी गत. आणि मोठ्या बाईंबद्दल काय बोलू? त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

मी लॅपटॉप उचलला आणि खाली त्यांच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते जिन्यात ठरवत होते, पण वेळ आली नाही. लॅपटॉप उघडा ठेवला, त्यांनी तीन उंचवटे आणि ती उभी रेघ बघितली, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या.

मी दार लावलं.

"चार दिवस रोज सकाळी ठरवून येते की आज सांगायचं," त्या म्हणाल्या. एकेका वाक्यानंतर त्यांना थांबायला लागत होतं. ते थांबणं मी इतकी वर्षं रुबाब समजत होते. "तुम्ही सोमवारी आलात तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही त्या पोरीचं नाव घेतलंत, आणि मला... मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. पण वाटलं. तीस वर्षं शिकवून माणूस इथवर येतं बघा."

"पण बाई, का? डॉक्टरकडे गेला असतात तर—"

"डॉक्टरने सांगितलं असतं ना." त्या खिडकीकडे बघत होत्या. "माझी थोरली बहीण अशीच जिना चढताना थांबायची. तपासायला नेलं, आणि चार महिन्यांत गेली. तेव्हापासून तपासणीची भीतीच बसलीय. घरी भाऊ-वहिनी आहेत, त्यांना सांगितलं तर उचलूनच नेतील. म्हणून म्हटलं, इथे कोणी नसताना बघावं आपल्यात किती हवा उरलीय. एकदा फुंकलं. दोन सेकंद. खोटं वाटलं, म्हणून पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा घाबरले, आणि खोकला आला."

मी त्यांच्यावर चिडायची तयारी करून आले होते. ती कुठेच सापडेना. समोर बसलेली बाई रिकाम्या शाळेत, बंद दाराआड, एका काडेपेटीएवढ्या डब्याला आपलं भविष्य विचारत होती, एवढंच दिसत होतं.

"बाई," मी म्हटलं, "पहिली गोष्ट, हा सेन्सर फुप्फुसं सांगत नाही. बंद नळीत फुंकलं की गाल आणि छातीचे स्नायू किती रेटतात तेवढंच कळतं. घाबरलेल्या माणसाचं तेही नीट कळत नाही. त्यावरून काहीही ठरवू नका. आणि दुसरी गोष्ट..."

"दुसरी मला ठाऊक आहे," त्या उठत म्हणाल्या. "आठवीचा तास कोणाचा आहे आत्ता?"

भाषेचा तास चालू होता. भाषेच्या शिक्षकांनी खडू खाली ठेवला. मोठ्या बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि श्वास जमेपर्यंत थांबल्या. मुलं नेहमीसारखी ताठ बसली.

"सेन्सर मी मोडला," त्या म्हणाल्या. "शनिवारी. फुंकून. नियम मला माहीत होता. त्यानंतर चार दिवस गप्प बसले, आणि त्याची शिक्षा भलत्याच मुलीला झाली. ती चूक मोडण्यापेक्षा मोठी." मग शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाल्या, "मी तुझी माफी मागते."

 शिट्टी हळूहळू उभी राहिली.

"तुम्ही फुंकलंत?" तिने विचारलं. राग नव्हता त्यात, निव्वळ आश्चर्य. "तुम्हाला पण फुंकावंसं वाटलं?"

"वाटलं."

"मलाही वाटलं होतं," शिट्टी म्हणाली. "शुक्रवारी नळी हातात होती तेव्हा. खूप वाटलं. पण नाही फुंकलं."

आधी कोणीतरी पुढच्या बाकावर फिसकलं, मग सगळा वर्ग हसला, आणि मोठ्या बाईसुद्धा हसल्या आणि हसता हसता खोकल्या. शिट्टी आपली पाण्याची बाटली घेऊन पुढे आली. "घ्या बाई," ती म्हणाली. "हिच्यात मी फुंकलेलं आहे, पण पाणी ताजं आहे."

त्यानंतर माझी पाळी होती. मोठ्या बाईंनी चूक लपवली, पण बोट मी दाखवलं होतं, तेही सगळ्यांसमोर, आणि तिच्या आईला उलट बोलले होते. मी वर्गात माफी मागितली. शिट्टीने मान हलवली, डोळे मात्र वहीवर ठेवले. संध्याकाळी दुकानात गेले. तिची आई मशीनवर होती. मी सगळं सांगितलं. शिवण पुरी होईपर्यंत तिने पायाची गती कमी केली नाही. मग दोरा दाताने तोडला.

"बसा," ती म्हणाली. "त्या दिवशी मी बसले नव्हते, तुम्ही तरी बसा." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुमच्या त्या मोठ्या बाई, त्यांचं कोणी आहे का बघायला?"

त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे मी आणि त्यांची वहिनी गेलो. वाटेत वहिनी एकसारखी म्हणत होती, "अहो वन्सं, मला सांगायचं तरी!" आणि मोठ्या बाई रस्त्यावरच्या पाट्या वाचल्यासारखं करत होत्या. दवाखान्यात फुप्फुसं तपासायचं खरं यंत्र होतं. डॉक्टरीणबाईंनी नळी त्यांच्या तोंडाशी धरली. "आता फुंका. अगदी जोर लावून, आणखी, आणखी, थांबू नका." मोठ्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि डोळे मिटून फुंकलं.

निदान झालं दम्याचं. जुना, दुर्लक्ष केलेला. बहिणीचा आजार निराळाच होता, हे डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागवून, वाचून सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. खिशात मावणारा पंप मिळाला, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवस सक्तीची रजा. परत आल्या तेव्हा त्यांची वाक्यं लांब झाली होती. शिक्षकांच्या सभा पूर्वीपेक्षा अर्ध्या तासाने उशिरा संपायला लागल्या, आणि कोणी तक्रार केली नाही. म्हणजे फारशी नाही.

मोठ्या बाईंनी स्वतःच्या पैशांनी मागवला, तरी नवा सेन्सर यायला दोन महिने लागले. तोवर काकांनी अडगळीतून एक वाकडी काचेची नळी काढली, तिच्यात लाल रंगाचं पाणी भरलं आणि पाठीमागे मोजपट्टी चिकटवली. त्यांच्या तरुणपणी याच नळीवर दाब मोजायचे म्हणे. पानाची ओढ तिच्यावरही दिसायची, फक्त डोळे ताणून बघायला लागायचं. शिट्टी त्या तासांना यायची, आकडे बरोबर लिहायची, पण मला प्रश्न विचारायची नाही. मीही तिला टोचलं नाही. विश्वास मी चाळीस जणांसमोर एका मिनिटात मोडला होता. तो जोडायला मला वेळ लागेल, हे मी मान्य केलं होतं.

नवा डबा उघडला त्या दिवशी मी तिला पुढे बोलावलं. "नळी तू जोड."

ती आली, पण हात पाठीमागेच. "आधी लिहून द्या, बाई."

"काय लिहून देऊ?"

"की मी हात लावायच्या आधी हा चालू होता. आणि मी ठेवल्यावर पण चालू होता, ते तास संपल्यावर लिहा. दोन्हीच्या खाली सही."

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी नोंदवही घेतली, तारीख घातली, तळवा ठेवून रेघ वर जाते का ते बघितलं, तिलाही बघायला लावलं, आणि तिच्या शब्दांत लिहून सही केली. तिने ते नीट वाचलं. मग हात पुढे केला.

"बाई," नळी बसवता बसवता ती म्हणाली, "पानाला दम लागतो का, ते तुम्ही त्या दिवशी सांगितलंच नाहीत."

"लागत नाही," मी म्हटलं. "पाणी कमी पडलं की ते आपली छिद्रं मिटून घेतं आणि थांबतं."

"मग रेघ पण थांबेल?"

"मला वाटतं, थांबेल. करून बघितलं नाही कधी."

"मग बघू या की," ती म्हणाली आणि बाकांमधून मागे वळून ओरडली, "ए, कोणीतरी सुकलेली फांदी आणा रे!"